वळणापर्यंत आपला

कुमुदकाकूंच्या घरी जायला वेळ लागत नसे, निघायला लागे. चहा झाला, गप्पा झाल्या, "बरं, येतो" म्हणून आपण उठलो की काकूही उठायच्या. पाचवारी साडीखाली पांढरे रनर्स बूट चढवायच्या, वर पफर जॅकेट घालायच्या आणि आपल्या मागोमाग दारापर्यंत, दारातून ड्राइव्ह-वेवर, तिथून लेटरबॉक्सपर्यंत यायच्या. आपण गाडीत बसायचं, काच खाली करायची, पुन्हा एकदा "येतो" म्हणायचं. मग गाडी रस्त्याच्या टोकाला जाऊन डावीकडे वळेपर्यंत त्या लेटरबॉक्सपाशी उभ्या. जुलैमध्ये, इथल्या ऐन थंडीत, मेलबर्नच्या कडेला आमच्या ट्रुगानिनाचा वारा हाडात शिरतो, अडवायला मध्ये झाड नाही की टेकडी नाही. त्यातही उभ्या. मी त्यांच्या समोरच राहतो. मला नुसता रस्ता ओलांडायचा असायचा, तरी माझं दार लागेपर्यंत त्या हलायच्या नाहीत.

एकदा त्यांच्याकडे प्लंबर आला होता. काम झाल्यावर त्यालाही काकूंनी असाच निरोप दिला. त्या बिचाऱ्याने आरशात बघितलं, तर बाई रस्त्यावर उभी राहून आपल्याकडे टक लावून बघतेय. त्याला वाटलं, काहीतरी राहिलं. त्याने व्हॅन मागे घेतली. काकू म्हणाल्या, "नो, नो, यू गो." तो गेला, पुन्हा आरशात बघितलं, पुन्हा मागे आला. शेवटी मी रस्ता ओलांडून त्याला समजावलं की आमच्याकडे ही पद्धत आहे. तो म्हणाला, "नो वरीज, मेट," पण चेहऱ्यावरून पुरत्या वरीज दिसत होत्या.

मी काकूंना यावरून खूप चिडवायचो. त्या म्हणायच्या, "हसू नकोस नितीन. माणूस आपल्या दारी आला की वळणापर्यंत आपला. त्यापुढे त्याचं नशीब."

काकू मूळच्या ठाण्याच्या. बँकेत नोकरी केली ती सगळी चौकशीच्या काउंटरवर. ज्याला कुठे जायचं ते कळत नाही तो पहिला यांच्यासमोर. "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांनी नोकरीत कधी उच्चारले नाहीत, असं त्या अभिमानाने सांगत. उत्तर ठाऊक नसलं तर म्हणायचं, "थांबा, विचारून सांगते." आणि खरोखर उठून जायचं, विचारायचं, परत येऊन सांगायचं. मुलाच्या मागोमाग दोघं नवरा-बायको इथे मेलबर्नला आले. मुलगा पुढे पर्थला गेला, काका गेले ते कायमचे, आणि काकू या नव्या वसाहतीतल्या चार खोल्यांच्या घरात एकट्या राहिल्या. त्या कोणाच्या आश्रयाने राहताहेत असं कधी वाटलं नाही. उलट आम्हीच सगळे त्यांच्याकडे विचारायला जायचो. कोथिंबीर कुठे स्वस्त इथपासून मुलीला मराठी बोलायला कसं लावायचं इथपर्यंत. आमची इरा त्यांच्याशी इंग्रजीत बोले आणि त्या तिला मराठीत उत्तर देत. दोघींचं उत्तम चाले.

पुढची हकिगत सांगताना मी नावं बदलली आहेत आणि खटल्याचा तपशील गाळला आहे. इथला कायदाच तसा आहे, आणि काकू तर कायद्याहून कडक होत्या.

एका वर्षी काकूंना जुरीचं बोलावणं आलं. नागरिक झालं की मतदार यादीत नाव येतं आणि यादीतून कधीतरी चिठ्ठी निघते. आमच्या महाराष्ट्र मंडळात चिठ्ठी निघाली की लोक पहिला प्रश्न विचारतात, "यातून सुटायचं कसं?" डॉक्टरचं पत्र आणावं, इंग्रजी येत नाही म्हणावं, अमक्याने असं केलं होतं. काकूंनाही बरेच सल्ले मिळाले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि कपाटातली नारायणपेठी इस्त्रीला काढली. हळदीकुंकवाला जावं तशा त्या सिटीत कोर्टात गेल्या.

संध्याकाळी आल्या त्या हसतच. म्हणाल्या, "अरे, तिथे दाखवायचा कार्यक्रम असतो." आपला नंबर पुकारला की उठायचं आणि आरोपीच्या समोरून चालत जाऊन जुरीच्या खुर्चीत बसायचं. तो बघत असतो. माणूस नापसंत असेल तर त्याने एक शब्द बोलायचा, की तुम्ही परत. कारण द्यावं लागत नाही. काकूंच्या आधी त्याने दोघांना परत पाठवलं होतं. काकू त्याच्यासमोरून गेल्या, आणि तो काही बोलला नाही. "या वयात पुन्हा दाखवून घेतलं," त्या म्हणाल्या, "आणि पसंत पडले." आम्ही पोट धरून हसलो.

पुढे खटला चालला तेवढे दिवस मात्र काकू वेगळ्याच होत्या. बोलायच्या, पण दुसऱ्याच गोष्टींबद्दल. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाल्या, "खोलीतलं खोलीत. मी मेले तरी तुला कळणार नाही." आणि कळलंही नाही. त्या बाराजणांत काय झालं, कोण काय म्हणालं, हे काकूंनी आजवर सांगितलेलं नाही. भर कोर्टात सगळ्यांसमोर झालं तेवढंच सांगितलं. निकाल निर्दोष असा लागला. न्यायाधीश त्या माणसाला म्हणाले, तुम्ही मोकळे आहात. तो उठला. मान खाली घालून उभा राहिला. मग त्याच्या मागे जे दार होतं त्यातून, आला होता तिथूनच, पहारेकऱ्यांबरोबर आत गेला.

काकूंना वाटलं, सामान आणायला गेला असेल.

बाकीचे जुरीतले लोक बाहेर रेंगाळले, कॉफी प्यायला जाऊ म्हणाले. काकू थांबल्या नाहीत. त्या दिवशी मला मीटिंग होती आणि इराला शाळेतून आणायचं काम मी काकूंवर टाकलं होतं. त्या धावत ट्रेनला गेल्या. संध्याकाळी त्यांनी शिरा केला. कशाचा म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "एका माणसाच्या घरी आज गोड झालं असेल. आपणही खाऊ."

त्यानंतरच्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या भजनी गटाला डिटेन्शन सेंटरमध्ये कार्यक्रम करायची परवानगी मिळाली. व्हिसा नसलेल्या लोकांना सरकार जिथे ठेवतं ती जागा. तिला तुरुंग म्हणायचं नसतं, पण कुंपण, कॅमेरे, पहारेकरी सगळं असतं. आमच्या गटात हिंदी, गुजराती, तेलुगू, सगळे. काकू पेटीवर, मी तबल्यावर. माझ्या तबल्याची मंडळात चेष्टा होते, पण दुसरा कोणी मिळत नाही. घरचा फराळ आत नेता येत नव्हता, म्हणून दुकानातल्या पेढ्यांची बंद पाकिटं नेली होती.

एका हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं बसली होती. मागच्या रांगेतला एकजण गात नव्हता, टाळ्याही वाजवत नव्हता. तो काकूंकडे बघत होता. काकूंच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिसऱ्या भजनात त्यांचा सूर हलला. असं कधी होत नसे. आरती झाली. प्रसादाला रांग लागली. तो काकूंच्या समोर आला आणि हात पुढे न करता हळू आवाजात म्हणाला, "आंटी, तुम लोग तो बोला रहा, हम कुछ नहीं करा. तब हम हियाँ काहे?"

त्याची हिंदी फिजीची होती. दिनेश म्हणू त्याला. इथल्याच एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. मला त्याच्या बोलण्यातलं काही कळलं नाही. काकूंच्या हातातलं पाकीट खाली पडलं तेव्हा कळलं.

काकू म्हणाल्या, "मुझे मालूम नहीं था." दुसऱ्यांदाही तेच म्हणाल्या. त्याने सांगितलं, कोर्टात त्या दाराच्या मागे दोन माणसं उभी होती. सामान नाही, फोन नाही, तिथून गाडीत घालून इकडे आणलं. आरोप लागला तेव्हाच व्हिसा रद्द झाला होता. खटला संपला, रद्द झालेला व्हिसा तसाच राहिला. एवढं सांगून तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. बँकेत पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक चौकशीच्या काउंटरसमोर उभं राहतं तसा उभा होता.

काकू म्हणाल्या, "रुको. पूछ के बताती हूँ."

परत येताना आम्ही रिंग रोडला लागलो. तिथे काकूंनी मला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. खाली उतरल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पाण्याची बाटली घेऊन गेलो तर म्हणाल्या, "लाज वाटते रे. मी शिरा केला त्या दिवशी. तो गाडीत होता आणि मी शिरा ढवळत होते." मग म्हणाल्या, "प्लंबरला वळणापर्यंत सोडते. आणि ह्याला दारापर्यंतसुद्धा नाही." मी म्हटलं, काकू, तुम्ही थांबला असता तरी तुम्हाला तिथे कोणी जाऊ दिलं नसतं. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण मी बघितलं असतं ना."

मग काकूंची चौकशी सुरू झाली. आयुष्यभर काउंटरच्या आतून केलेलं काम त्या आता बाहेरून करू लागल्या. फोन, ईमेल, ऑफिसं. त्यांचं इंग्रजी बँकेतलं, प्रत्येक वाक्य "काइंडली"ने सुरू होणारं. काइंडली इन्फॉर्म, काइंडली नोट. पलीकडचा माणूस त्यांना तासभर होल्डवर ठेवायचा आणि त्या स्पीकर चालू ठेवून पोळ्या लाटायच्या. आमची इरा ते होल्डचं संगीत गुणगुणायला लागली.

दिनेशची वकील मेगन नावाची एक तरुण मुलगी होती, मोफत काम करणाऱ्या संस्थेतली. तिने आम्हाला समजावून सांगितलं. कोर्टाने गुन्हा सिद्ध झाला नाही म्हटलं, हे खरं. पण व्हिसा देणाऱ्या खात्याला गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. हा माणूस बाहेर राहायला योग्य वाटत नाही, एवढं त्यांना वाटलं तरी पुरतं. आणि आत ठेवणं ही शिक्षा समजली जात नाही, ती नुसती व्यवस्था आहे. काकूंनी सगळं नीट ऐकलं.

"मग आम्हाला बाराजणांना कशाला बसवलं होतं?" त्यांनी विचारलं.

मेगनने काकूंना दुसरीच गोष्ट बजावली. तुम्ही जुरीवर होतात हे कुठे लिहू नका, कोणाला सांगू नका. शेजारीण म्हणून, ओळखीची म्हणून बोला. त्यामुळे झालं असं की काकूंनी लढाई घेतली, पण कारण सांगायची सोय नाही. लोक विचारायचे, कोण लागतो हा तुमचा? मराठी नाही, नात्यातला नाही, त्यातून मारहाणीच्या खटल्यातला. काकू म्हणायच्या, ओळखीचा आहे. एवढ्यावर लोकांचं समाधान कसं व्हावं. म्हातारपणी काहीतरी खूळ घेतलंय डोक्यात, असं बोललं जायचं. मंडळाच्या अध्यक्षांनी एकदा त्यांना बाजूला घेऊन प्रेमाने समजावलं की आपण या देशात पाहुणे, आपण नसत्या भानगडीत पडू नये. काकू म्हणाल्या, "पाहुण्याला कोणी न्याय करायला बसवतं का?" अध्यक्षांना वाटलं, म्हातारी भलतंच काही बोलतेय. मला कळलं, पण मला बोलायची बंदी होती.

संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू केलं. काका गेल्यावर त्यांनी ते बंद केलं होतं. काही बायकांना ते खटकलं, काहींना आवडलं, आल्या मात्र सगळ्या. तिळगूळ झाला, मसाला दूध झालं. मग वाण म्हणून काकूंनी प्रत्येकीच्या हातात एक लांब पाकीट ठेवलं. वर व्हिसा खात्याच्या मंत्र्यांचा पत्ता, कोपऱ्यात तिकीट, आत एक कोरा कागद. काकू म्हणाल्या, "वाण परत करायचं नसतं, आणि फेकायचं तर नसतंच. एका माणसाला जुरीने सोडलंय आणि तो अजून आत आहे. आपल्याला काय वाटतं ते दोन ओळींत लिहा आणि टाका."

माझ्या बायकोने, अदितीने, ते पाकीट घरी आणलं आणि फ्रिजवर मॅग्नेटने लावलं. तिथे ते बरेच दिवस राहिलं. दूध काढताना ते दिसायचं. आम्हा दोघांचं सगळं पक्कं होतं, पासपोर्ट इथलेच होते, तरी अदिती विचारायची, "तुझ्या आईच्या व्हिसाला काही होणार नाही ना रे?" आणि मी काही होणार नाही असं ठामपणे म्हणायच्या ऐवजी म्हणायचो, बहुतेक नाही. शेवटी आम्ही लिहिलं आणि टाकलं. पण दोन ओळी लिहायला दोन शिकलेली माणसं इतकी घाबरली, याची लाज मला पत्र टाकल्यावर जास्त वाटली. बाकीच्या घरांत काय झालं ते काकूंनी एकेकीला फोन करून विचारलं. लिहिणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या होत्या. एकीने सांगितलं, सासऱ्यांनी नको म्हटलं. एकीने पाकिटावर दुसरा पत्ता चिकटवून त्यातून भाचीला वाढदिवसाचं कार्ड पाठवलं होतं, आणि तसं मोकळेपणाने सांगितलंही. काकू तिच्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "निदान खोटं बोलली नाही."

शनिवारी आम्ही दिनेशला भेटायला जायचो. काकू आमच्या गल्लीत गाडी चालवायच्या, पण फ्रीवेचं नाव काढलं की त्यांना घाम फुटे. त्यामुळे मी ड्रायव्हर. भेटीच्या हॉलमध्ये टेबलं असत, काकू आणि तो समोरासमोर बसत, मी जरा बाजूला. काकू आठवडाभरात कोणाकोणाला विचारलं ते सांगायच्या. त्याला त्यात फारसा रस नसे. तो त्यांना आपल्या आईबद्दल सांगे. आई तिकडे गावात, उसाच्या शेतात घर, डोळे अधू झालेले. मनात आणलं असतं तर तो फिजीला जाऊ शकत होता. परत जातो म्हणून सही केली की ते विमानात बसवून देत. त्याच्याबरोबरच्या कितीतरी जणांनी कंटाळून केली होती. पण आईनेच त्याला फोनवर बजावलं होतं, दोन शिपायांच्या मधून उतरू नकोस, माणसासारखा ये. लोक म्हणतील, काहीतरी केलं असणार, म्हणून हाकलला. म्हणून तो थांबला होता. त्याला सुटायचं नव्हतं, तो सुटलेलाच होता. ते त्याला कोणीतरी कबूल करायला हवं होतं.

भेट संपली की तिथे एक गोष्ट व्हायची, तिने काकू दर वेळी कोमेजायच्या. पाहुणे आधी निघतात. दिनेश उठायचा आणि काकूंबरोबर काचेच्या दारापर्यंत चालत यायचा. त्याला तिथवरच यायची मुभा. आम्ही बाहेर पडायचो, लांब कॉरिडॉर चालायचो, आणि कॉरिडॉर जिथे वळतो तिथून काकू मागे बघायच्या. तो काचेला लागून उभा असे. त्याला काकूंची ही सवय कोणी सांगितलेली नव्हती. गाडीत बसल्यावर त्या म्हणायच्या, "मला निरोप देतोय तो. मला."

मध्येच एका शनिवारी आम्ही गेलो तर तो तिथे नाही. दूर उत्तरेला, डार्विनला हलवला म्हणाले. का, ते सांगितलं नाही, सांगायचा नियम नव्हता. काकूंनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "त्याला आधी सांगितलं होतं का?" ती मुलगी चांगली होती, खाली बघत म्हणाली, "आय डोंट नो." काकू तिला म्हणाल्या, "देन काइंडली फाइंड आउट, डिअर." आवाज चढलेला नव्हता. ती मुलगी खरंच उठून आत गेली आणि आली ती तेच उत्तर घेऊन. काकूंनी तिचे आभार मानले. मग कित्येक महिने फोनवरच भेट. तिकडे उकाडा इतका की तो बोलायचाही कमी. काकू ओट्यापाशी फोन ठेवून स्वयंपाक करायच्या आणि काय करतेय ते त्याला सांगायच्या, "अभी राई डाली," एवढंच. तो ऐकत बसे.

सुटका झाली तीही तशीच, कोणाला न सांगता. त्याला परत मेलबर्नला आणलं होतं. मेगनने नव्याने केलेल्या अर्जावर एका दुपारी निर्णय आला, व्हिसा परत दिला, आणि तासाभरात तो पिशवी घेऊन रस्त्यावर. निर्णय का बदलला ते त्यात नव्हतं. आधीचा चुकला होता, असंही नव्हतं. त्याने काकूंना फोन केला तेव्हा मी तिथे होतो. अभिनंदन नाही, रडणं नाही. काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "कौन से दरवाज़े से आया?"

"आगे वाला, आंटी," तो म्हणाला.

काकूंनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "या वेळीही मी नव्हते."

फिजीला जायच्या आधी तो काकूंकडे जेवायला आला. डिसेंबरचे दिवस, म्हणजे इथला उन्हाळा, जेवणं झाली तरी बाहेर लख्ख उजेड होता. काकूंनी सगळं केलं होतं, अगदी शिरासुद्धा. तो केला खरा, पण वाढताना त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी ते भांडं परत ओट्यावर नेऊन ठेवलं. दिनेश भरपूर जेवला, पण घाईघाईने, ताटावर हाताचा आडोसा धरून. ती सवय त्याला आत लागली असावी.

काकूंनी त्याला एक गोष्ट विचारली. त्या दिवशी मी तुझ्यासमोरून चालत गेले, तेव्हा तू मला परत का पाठवलं नाहीस? तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, सगळे समोर बघत गेले. "खाली तुम हमके देख के मूड़ हिलाया." त्याच्या हिंदीत खाली म्हणजे फक्त. समोरून जाताना माणसाला ओळखीची मान हलवायची, एवढंच काकूंनी केलं होतं. त्यांना ते आठवतही नव्हतं.

मग काकू म्हणाल्या, "दिनेश, तू मला विचारलं होतंस. मी विचारून सांगते म्हटलं होतं. मी सगळीकडे विचारलं रे." त्या मराठीतच बोलत होत्या, आपण मराठीत बोलतोय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. "मला उत्तर मिळालं नाही. मला तुझ्यासमोर लाज वाटते."

त्याला शब्द कळले नसतील, बाकी सगळं कळलं. तो म्हणाला, "छोड़ो आंटी. जवाब ऊ लोग के पास भी नहीं है."

दिनेश आणि मी एकदमच निघालो. त्याचा मित्र कोपऱ्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर गाडी घेऊन थांबला होता. मी म्हटलं, दारात बोलवू की. दिनेशला चालायचं होतं. मध्ये कुंपण न येता सरळ चालायचं होतं. काकूंनी रनर्स घातले आणि सवयीने त्याच्या मागोमाग निघाल्या. दार, ड्राइव्ह-वे, लेटरबॉक्स. तिथे तो थांबला, वाकून त्यांच्या पाया पडला, आणि उठताना अवघडून म्हणाला, "आंटी, एक बात बोली? तुम अंदर जाओ. पीछे से मत देखो. इतना दिन कोई न कोई पीछे से देखत रहा."

काकूंनी मान हलवली. आत गेल्या. दार लावून घेतलं.

मी रस्ता ओलांडून आमच्या अंगणात आलो. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी यायची होती, म्हणून बिन ओढत बाहेर आणला. काकूंच्या दाराशेजारी एक उभी धुरकट काच होती. तिच्यात फिकट पिवळी साडी दिसत होती. काकू दाराला लागूनच, रस्त्याकडे पाठ करून उभ्या असाव्यात. आता काकू पर्थला मुलाकडे असतात, त्या घरात दुसरं कुटुंब आलंय, पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या अशाच.

दिनेश रस्त्याच्या मधून, सरळ, सावकाश चालत टोकाला पोचला. तिथे थांबला. आणि त्याने मागे वळून बघितलं.

लेटरबॉक्सपाशी कोणी नव्हतं. मी हात वर केला, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या बंद दाराकडे तो थोडा वेळ बघत राहिला, आणि मग डावीकडे वळला. काचेतली साडी अजून जागची हलली नव्हती.